चिंचिलाचं दुखणं उशिरा कळतं : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

चिंचिला हा दाट लवेचा, कुरतडणाऱ्या जातीचा छोटा प्राणी, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा. थंड, कोरड्या, खडकाळ उतारांवर कळपाने राहणारा आणि रुक्ष गवत-झुडपांवर जगणारा. १९२३ साली मथायस चॅपमन या खाण-अभियंत्याने ११ चिंचिला चिलीहून अमेरिकेत नेले. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. पिंजऱ्यात शंभर वर्षं गेली, पण शरीर अजून डोंगरावरचंच आहे. दुखणं लपवण्याची सवयही तशीच टिकून आहे, कारण रानात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत ‘परवापर्यंत अगदी ठणठणीत होता’ हे वाक्य आहे. तो परवाही ठणठणीत नव्हता, एवढंच.

प्रश्न : आमचा चिंचिला दुपारी पिंजऱ्याच्या तळाशी लांब पसरून पडतो आणि त्याचे कान लालभडक होतात. खोलीत पंखा सतत चालू असतो. त्याला नेमकं किती तापमान चालतं?

पंख्याचा त्याला जवळजवळ काही उपयोग नाही. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. चिंचिलाला तसा घाम येत नाही आणि त्याच्या कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त केस उगवतात. ही दाट लव वाऱ्याला कातडीपर्यंत पोहोचूच देत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः मोठे, पातळ कान आहेत. ते लाल झाले म्हणजे रक्त तिकडे वळवून शरीर थंड करण्याची धडपड सुरू झाली आहे.

त्याला १५ ते २१ अंश सेल्सिअस उत्तम. २४ पर्यंत हवा कोरडी असेल तर निभावतं. २७ च्या वर धोका सुरू होतो आणि हवा दमट असेल तर त्याआधीही होतो. आर्द्रता शक्यतो ५० टक्क्यांच्या खाली असावी. पाळणारे एक ठोकताळा वापरतात : खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवायचा आणि बेरीज १५० च्या आत ठेवायची. २८ अंश सेल्सिअस म्हणजे ८२ फॅरनहाइट. आर्द्रता ७० टक्के असेल तर बेरीज १५२, म्हणजे गेलीच हाताबाहेर. पण हा ठोकताळा कोरड्या उन्हाळ्यात फसवतो. ३२ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेची बेरीज १२० येते आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ३२ अंशांत चिंचिला मरू शकतो. म्हणून आधी तापमान बघा, बेरीज नंतर.

तापमापक भिंतीवर नको, पिंजऱ्यात तो जिथे बसतो त्या उंचीवर लावा. उंच पिंजऱ्यात वरची फळी खालच्यापेक्षा गरम असते. उन्हाळ्यात खोलीला एअर कंडिशनर लागतोच, फक्त त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नका. वीज जाणार असेल तर तयारी आधीच ठेवा : ग्रॅनाइटच्या किंवा संगमरवराच्या एक-दोन लाद्या फ्रिजमध्ये, पाणी गोठवलेल्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून, खिडकीला जाड पडदा आणि घरातली सगळ्यात गार खोली कोणती हे ठरलेलं.

पसरून पडण्यासोबत तो धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, उठवलं तरी झोकांड्या जात असतील तर तो उष्माघात आहे. त्याला लगेच गार जागी न्या. कान आणि तळपाय साध्या गार पाण्याने ओले करा, पोटाखाली गार लादी द्या आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फ लावू नका, बर्फाने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. पाण्यात बुडवूही नका. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाईल. वाटेत तो तरतरीत झाला तरी परत फिरू नका. उष्माघाताचा फटका आतड्यांना आणि मूत्रपिंडांना बसतो आणि तो काही तासांनी दिसतो.

प्रश्न : चार वर्षांच्या मादीने आधी गवत कमी केलं, आता पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) उचलते आणि तोंडातून टाकून देते. हनुवटी ओली असते, एका डोळ्यातून पाणी येतं. पुढचे दात सरळ आणि छान दिसतात. डोळ्याचे थेंब आठ दिवस घातले, फरक नाही.

डोळ्यावर इलाज होतोय, पण दुखणं बहुधा दाढांत आहे. चिंचिलाला २० दात असतात : पुढे चार पटाशीचे, मागे सोळा दाढा आणि उपदाढा. हे सगळे जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात वर्षाला ५ ते ७ सेंटिमीटर वाढतात. दाढा झिजतात त्या लांब, खरखरीत गवत आडवं दळून. पेलेट मात्र दोन-चार चाव्यांत भुगा होतो, त्याने दाढांना कामच राहत नाही. झीज कमी पडली की दाढांना टोकं येतात. वरच्या दाढांची टोकं गालात रुततात, खालच्यांची जिभेत. त्याहून वाईट म्हणजे वर जागा उरली नाही की दात उलट्या दिशेने, मुळाकडून, हाडात वाढू लागतो. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीच्या आणि अश्रुनलिकेच्या जवळ असतात, म्हणून डोळ्यातून पाणी. खालच्या जबड्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवा. दोन्ही बाजूंना ओळीने बारीक उंचवटे लागले तर ती खाली वाढलेली मुळं आहेत.

जाग्या चिंचिलाचं तोंड अरुंद, गालाच्या घड्या आत आलेल्या. दुर्बिणीने बघूनही बरंच सुटतं. ‘तोंड बघितलं, ठीक आहे’ यावर समाधान मानू नका. भूल देऊन तपासणी आणि कवटीचे एक्स-रे हवेत, सोय असेल तर सीटी स्कॅन त्याहून चांगला. भूल देण्याआधी रात्रभर उपाशी ठेवायला कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा. चिंचिलाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांसारखा लांब उपास लागत नाही, उलट उपासाने आतडं थांबतं.

टोकं घासून काढली की खाणं सुधारतं, पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ती परत येतात. मुळं हाडात गेली असतील तर तो आजार बरा होत नाही, फक्त वेदना आणि वजन सांभाळायचं असतं. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे पुढे किती भुला द्यायच्या हा निर्णय शांतपणे घेता येतो. घरी नेलकटरने दात कापण्याचा प्रकार अजून चालतो. तो बंद करा. दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाते. आणि या मादीची वीण घेऊ नका, जबड्याची ठेवण पुढच्या पिढीत उतरू शकते.

प्रश्न : त्याचे पुढचे दात केशरी-पिवळे झाले आहेत. साफ करून घ्यावेत का?

नाही. तोच निरोगी रंग आहे. पांढरे पडू लागले तर काळजी करा.

प्रश्न : काल रात्रीपासून लेंड्या जवळजवळ नाहीत, खाणंही बंद. घरात सिरिंजने भरवायची पावडर आहे. लगेच सुरू करू का?

आधी पोट चाचपा, मग सिरिंज भरा. हा क्रम चुकला तर भरवणंच जिवावर बेतू शकतं.

लेंड्या थांबण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात आतडं मंदावतं : लेंड्या आधी लहान, टोकदार, कोरड्या होतात, मग संपतात. पोट मऊ किंवा किंचित कणकेसारखं लागतं, प्राणी पाठ वर करून कोपऱ्यात बसतो. दुसऱ्यात वायू कोंडतो : पोट ताशासारखं ताणलेलं, टिचकी मारली तर पोकळ आवाज, प्राणी एका कुशीवर आडवा होतो, अंग ताणतो, लोळतो आणि श्वास जलद होतो. फुगलेल्या पोटात अन्न ढकलायचं नाही. तडक डॉक्टरांकडे, रात्र असली तरी. तिथे एक्स-रे काढून वायू आहे की अडथळा हे बघतात आणि गरज पडली तर नळी घालून वायू काढतात. उलटी आणि ढेकर दोन्ही नसल्यामुळे कोंडलेला वायू आपोआप सुटेल ही आशा फारशी खरी नसते.

पोट मऊ असेल तर डॉक्टरांची वेळ ठरवा, आणि ते हो म्हणाले की भरवायला सुरुवात करा. १२ तासांहून जास्त वेळ काहीच न खाल्लेला चिंचिला तातडीचा रुग्ण समजावा. शाकाहारी प्राण्यांच्या तंतुमय पावडरीचं प्रमाण साधारण असं : भिजवलेलं मिश्रण दिवसाला दर किलो वजनामागे ५० मिलिलिटर. ५५० ग्रॅमचा प्राणी असेल तर २७-२८ मिलिलिटर, पाच वेळांत विभागून दर वेळी पाच-सहा. १ मिलिलिटरची, सुई काढलेली आणि टोक तिरपं न कापलेली सिरिंज घ्या. प्राण्याला टॉवेलमध्ये बसता येईल असा गुंडाळा, उताणा धरू नका. सिरिंज पटाशीच्या दातांच्या मागे, बाजूच्या मोकळ्या जागेतून आत घ्या आणि अर्धा मिलिलिटर सोडून थांबा. तो चावून गिळताना दिसला की पुढचा. घाई झाली की अन्न श्वासनलिकेत जातं.

आतडं मंदावणं हा बहुतेक वेळा परिणाम असतो. मागे दातदुखी, उष्मा, वेदना, पाण्याच्या बाटलीची अडकलेली गोळी किंवा खाद्यात अचानक केलेला बदल असतो. पोटफुगीमागे बऱ्याचदा एकदम खाल्लेला ओला हिरवा चारा किंवा आंबलेलं खाद्य सापडतं. व्यालेल्या मादीत दोन-तीन आठवड्यांनी कॅल्शियम उतरूनही पोट फुगतं. खाद्य बदलायचं असेल तर जुन्या पेलेटमध्ये नवं थोडं थोडं वाढवत दोन आठवडे घ्या.

प्रश्न : कुत्र्यासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन घरात उरलं आहे. चिंचिलाला शिंका येतात. वजनाच्या हिशोबाने थोडं दिलं तर?

देऊ नका, थेंबभरही नाही. चिंचिलाचं पचन मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीतल्या जिवाणूंवर चालतं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं तोंडाने दिली की उपयोगी जिवाणू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने जुलाब होऊन प्राणी काही दिवसांत दगावतो. आजारापेक्षा औषधाने मेलेले चिंचिला डॉक्टरांच्या पाहण्यात असतात. त्याला सहसा चालणारी औषधं म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फा, पण मात्रा आणि दिवस डॉक्टरच ठरवतील. मेट्रोनिडाझोलचं नाव निघालं तर त्याने खाणं तुटण्याचा आणि यकृताच्या त्रासाचा धोका विचारून घ्या. प्रतिजैविक सुरू असताना रोज वजन करा आणि लेंड्या बघा. मऊ पडल्या तर लगेच कळवा.

शिंकांबद्दल : धूळस्नानानंतरच्या दोन-चार शिंका साध्या. नाकातून स्राव, ओले पुढचे पंजे, श्वासाला आवाज, खाणं कमी यांपैकी काही असेल तर तपासणी हवी, चिंचिलाला न्यूमोनिया लवकर होतो.

प्रश्न : धूळस्नान रोज द्यायचं की आठवड्यातून एकदा? साधी वाळू चालेल का? फार मळला तर पाण्याने धुवावा का?

आठवड्यातून तीन-चार वेळा, दर वेळी १० ते १५ मिनिटं. हवा दमट असेल तर थोडं जास्त वेळा, फार कोरडी असेल आणि कानांची कातडी सोलवटत असेल तर कमी. धूळ ज्वालामुखीय राखेची किंवा त्या जातीच्या खनिजाची, पिठासारखी बारीक हवी. ती केसांच्या मुळाशी जाऊन तेल आणि ओलावा शोषते. वाळूचे कण जाड असतात, ते मुळापर्यंत जात नाहीत आणि केस तोडतात. टाल्कम पावडर तर अजिबात नको, ती फुप्फुसात बसते. तो पूर्ण लोळू शकेल अशा जड भांड्यात ४-५ सेंटिमीटर थर घाला. आंघोळ झाली की भांडं बाहेर काढा. आतच ठेवलं तर तो त्यात मुततो आणि दिवसभराच्या धुळीने डोळे येतात. लेंड्या चाळून काढा आणि धूळ गोळे धरू लागली की टाका.

पाण्याने धुवायचं नाही. इतकी दाट लव आतून वाळायला फार वेळ लागतो, तोवर अंग गार पडतं आणि बुरशी धरते. काही सांडलं असेल तर तेवढाच भाग ओल्या कापडाने पुसा, मग थंड हवेवरच्या ड्रायरने मुळापर्यंत सुकवा. डोळा आलेला असताना, जखम असताना आणि मादी व्याल्यावर आठ-दहा दिवस धूळस्नान बंद.

प्रश्न : अंगावर केस गेलेले ठिगळ दिसतं. एकजण म्हणतो नायटा, दुसरा म्हणतो स्वतःच खातो. ओळखायचं कसं?

तिसरी शक्यताही आहे. कुणी पकडताना लव मुठीत धरली किंवा तो घाबरला, तर चिंचिला केसांचा पुंजका सोडून निसटतो. शिकाऱ्याच्या तोंडात केस ठेवून पळण्याची ही युक्ती आहे. त्या जागी खालची कातडी गुळगुळीत आणि स्वच्छ असते, पुंजका आसपास पडलेला सापडतो. काही करायचं नाही, काही महिन्यांत लव भरते. यापुढे त्याला उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्या.

स्वतः खाल्लेली लव मुळातून जात नाही, मधूनच तुटते. कुशी आणि मांड्या खालून कातरल्यासारख्या, गडद दिसतात, पण डोकं आणि मान शाबूत असते, कारण तिथे त्याचं तोंड पोहोचत नाही. मानेवरची लव तुटली असेल तर सोबती खातोय असं समजा. कारण एकच कधी नसतं. उष्मा, अपुरी जागा, दिवसा गोंगाट, नावडता सोबती, दातदुखी, शिवाय काही घराण्यांत ही खोड पिढ्यान्‌पिढ्या दिसते. वेदना आणि उष्मा आधी वगळा, मग गवत वाढवा, चघळायला लाकूड द्या, पिंजरा शांत कोपऱ्यात हलवा. काहींची खोड यानेही जात नाही आणि तो तसाच धडधाकट जगतो. त्याला औषधं देत बसण्यात अर्थ नाही.

नायट्याची सुरुवात बहुधा नाक, डोळ्यांच्या कडा, कान आणि पाय इथून होते. केस झडलेल्या जागी कोरडे पापुद्रे, कधी लाली. कारण बहुतेक वेळा ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीस ही बुरशी. अतिनील दिव्याखाली ती चमकत नाही, त्यामुळे ‘दिव्यात काही दिसलं नाही’ म्हणजे नायटा नाही असं होत नाही. केस उपटून त्यांचं कल्चर करावं लागतं, म्हणजे प्रयोगशाळेत त्यांवर बुरशी वाढते का ते बघावं लागतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. उपचार काही आठवडे चालतात आणि कल्चर पुन्हा निर्दोष येईपर्यंत थांबवू नयेत. ही बुरशी माणसालाही धरते, म्हणून हातमोजे वापरा आणि लहान मुलांना लांब ठेवा. धुळीचं भांडं इतरांना देऊ नका, धूळ दर वेळी फेका. पिंजऱ्याची जाळी आणि ट्रे एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी अशा द्रावणाने पुसून, धुऊन, पूर्ण वाळवा. प्राणी तेव्हा दुसऱ्या खोलीत हवा. लाकडी फळ्या मात्र बदलाव्यात, त्या निर्जंतुक होत नाहीत.

प्रश्न : नर सारखा खाली चाटत बसतो. लघवीला त्रास होतोय असं वाटतं.

आजच बघा. नराच्या लिंगाभोवती, त्वचेच्या आवरणाच्या आत, केसांचं कडं जमतं. समागमानंतर जमतं तसं एकट्या राहणाऱ्या नरातही जमतं. ते आवळत जाऊन सूज येते, लघवी अडते, शेवटी रक्तपुरवठा तुटतो. दुसऱ्या माणसाला प्राणी मांडीवर धरायला सांगा. आवरण अंगठा आणि तर्जनीने अलगद मागे सारा. केसांचं वेटोळं दिसलं तर पाण्यात विरघळणारं वंगण भरपूर लावा, दोन मिनिटं मुरू द्या आणि वेटोळं हळूहळू पुढे गुंडाळत काढा. कात्री लावू नका. लिंग बाहेरच राहिलंय, सुजलंय किंवा काळं-जांभळं पडलंय तर घरी खटपट न करता त्यावर वंगण लावून ओलं ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. पुढे दर दोन आठवड्यांनी तपासणी ठेवा. हे सांगायला बरेच विक्रेते संकोचतात, त्याची किंमत प्राणी मोजतो.

प्रश्न : ‘दोन्ही नर’ म्हणून दिले होते. आता एकाचं पोट वाढतंय. असं कसं झालं?

मादीच्या मूत्रमार्गाचं टोक लांबट सुळक्यासारखं असतं, ते नवख्याला लिंग वाटतं. फरक त्या सुळक्याच्या आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत असतो. नरात मध्ये मोकळ्या कातडीची स्पष्ट पट्टी दिसते, मादीत दोन्ही जवळजवळ चिकटलेले असतात.

दोघांना आत्ताच वेगळं करा, पण पिंजरे शेजारी ठेवलेत तरी चालेल. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते आणि नर जवळ असेल तर लगेच दुसरा गर्भ राहतो. गर्भकाळ साधारण १११ दिवसांचा. पिल्लं बहुतेक वेळा एक ते तीन, जन्मतःच डोळे उघडलेली, अंगभर लव आलेली, ३० ते ६० ग्रॅमची. या काळात तिला पेलेट वाढवा आणि अल्फाल्फा (लसूणघास) गवत थोडं द्या. एरवी मोठ्या चिंचिलाला अल्फाल्फा रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. पिल्लं रोज एकाच वेळी तोला. पहिला दिवस सोडला तर वजन रोज वाढलंच पाहिजे, दोन दिवस थांबलं तर दूध कमी पडतंय. सहा-आठ आठवड्यांत दूध तुटतं. नर पिल्लं त्यानंतर आईजवळ ठेवू नका, काही फार लवकर वयात येतात.

नराची नसबंदी हा पुढचा चांगला मार्ग आहे, मात्र शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवा. आणि हौस म्हणून वीण घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात असू द्या : दोन पांढऱ्या किंवा दोन काळ्या मखमली रंगाच्या चिंचिलांची जोडी लावत नाहीत. त्या रंगांचा जनुक दोन्हीकडून आला की गर्भ जगत नाही.

प्रश्न : जाळीत पाय अडकला आणि मागचा पाय लोंबतोय. घरी पट्टी बांधू का?

बांधू नका. नडगीचं हाड लांब, सरळ, बारीक, आणि वर मांसाचं आवरण जवळपास नाही. चुकीची पट्टी हाडाचं टोक कातडीबाहेर आणते, शिवाय तो ती चावून काढतो. छोट्या डब्यात टॉवेलवर ठेवा आणि न्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. अशा मोडीत बहुधा पिन किंवा बाहेरून आधार बसवावा लागतो. हाड लवकर जुळतं. पाय वाचण्यासारखा नसेल आणि काढावा लागला तरी चिंचिला तीन पायांवर छान वावरतो, त्या निर्णयाला भिऊ नका.

पुन्हा होऊ नये म्हणून जाळीचा तळ आणि जाळीच्या चढणी आजच काढा. तळ आणि फळ्या सपाट, भरीव हव्यात, वर फ्लीसचं कापड चालतं. जाळीच्या तळाने तळपायांना फोडही येतात. फळ्या नागमोडी लावा, म्हणजे पडला तरी एका फळीवरून खालच्याच फळीवर पडेल. चाक द्यायचं तर किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचं, भरीव पृष्ठाचं. प्लॅस्टिकचे बंद चेंडू नकोत, त्यात तो काही मिनिटांत तापतो. फळ्या-खेळण्यांना सफरचंद, नासपती, विलो किंवा भट्टीत वाळवलेलं पाइन चालतं. सीडर नको, आणि आलुबुखार, चेरी, जर्दाळू या जातीचं लाकूडही नको.

प्रश्न : रोज एक मनुका दिला तर काय बिघडतं?

साखर. पोटातले जिवाणू बिघडतात, वजन वाढतं, मधुमेह झालेले चिंचिलाही आहेत. शेंगदाणे, बिया, सुकामेवा सगळं त्याच यादीत. रोजचं जेवण म्हणजे टिमोथीसारखं वाळलेलं गवत हवं तेवढं आणि साधे पेलेट एक ते दोन मोठे चमचे. बिया आणि रंगीत तुकडे मिसळलेलं खाद्य घेऊ नका, तो गोड तेवढं वेचतो. लाड करायचाच तर सफरचंदाची वाळलेली काडी द्या. आवाज करत चघळेल आणि दातही झिजतील.

प्रश्न : तेरा वर्षांचा नर. खातो, खेळतो, पण पाठीचा कणा हाताला लागू लागलाय. डॉक्टरांना हृदयात आवाजही ऐकू आला. वयामुळे असेल का?

चिंचिला १० ते १५ वर्षं सहज जगतो, काही वीसपर्यंत जातात, त्यामुळे तेरा हे वय झालं म्हणून सोडून देण्याचं नाही. कणा लागतोय म्हणजे वजन बरंच आधी उतरलेलं आहे. लव दाट असल्यामुळे डोळ्यांना ते दिसत नाही. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या, वर डबा ठेवा आणि आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी तोलून वहीत लिहा. दिवसभरात २०-३० ग्रॅमचा चढउतार खाण्यापिण्याने होतो, तो मोजू नका. पण ६०० ग्रॅमचा प्राणी सलग तीन आठवडे उतरत ५६० वर आला तर तो खेळत असला तरी दातांचा एक्स-रे आणि रक्त-लघवी तपासून घ्या. लघवीत साखर, मूत्रपिंडांचं काम आणि दाढा या तीन जागा आधी बघायच्या.

हृदयातला आवाज चिंचिलांत बऱ्याचदा ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी त्यामागे आजार नसतो. मोठा आवाज असेल किंवा सोबत वजन घटणं, श्वास जलद असणं, उड्या कमी होणं असेल तर हृदयाची सोनोग्राफी करावी, आणि ती भूल देण्याआधी. कारण याच प्राण्याला दातांसाठी भूल लागण्याची शक्यता आहे. दरम्यान त्याच्या वरच्या फळ्या थोड्या खाली घ्या आणि पाण्याची बाटली दोन ठिकाणी लावा. बाटल्या रोज रिकाम्या करून ब्रशने घासा, साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनास हा जिवाणू वाढतो आणि म्हाताऱ्या चिंचिलाला तो झेपत नाही.